हवेवरचा भरवसा

मोटारीच्या डिकीतील सुट्या चाकाला आपल्याकडे ‘स्टेपनी’ म्हणतात. हे मूळचे वेल्समधील लानेली गावच्या एका रस्त्याचे नाव. तेथील डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास, आरे नसलेली पण हवा भरलेला टायर चढवलेली एक कडी बाजारात आणली. चाक पंक्चर झाले की ती बाहेरून पकडींनी आवळायची आणि पुढे निघायचे. इंग्लंडात त्या वस्तूबरोबर शब्दही मागे पडला. आपल्याकडे वस्तू पार बदलली, शब्द मात्र टिकला. शब्दार्थाच्या अभ्यासकांना हे उदाहरण आवडावे.

या स्टेपनीला डिकीतून हुसकावून लावले ते रन-फ्लॅट टायरने. हवा संपूर्ण गेली तरी त्याची जाड, दणकट बाजू गाडीचे वजन तोलून धरते; ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत साधारण ८० किलोमीटर जाता येते. तरीही असे टायर झिजले की अनेक गाडीमालक त्यांच्या जागी साधे टायर बसवतात. याला कुणी मागे जाणे म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. टायरचा इतिहास सरळ रेषेत पुढे गेलेला नाहीच.

आपल्या पाठ्यपुस्तकांत हवेच्या टायरचा जनक म्हणून डनलॉपचे नाव असते. प्रत्यक्षात १८४५ साली, स्कॉटलंडमधील स्टोनहेवनच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन या २३ वर्षांच्या तरुणाने त्याचे पेटंट घेतले होते. रबर लावलेल्या कापडाची हवाबंद नळी आणि तिच्यावर चामड्याचे आवरण, अशी ती रचना. घोडागाडीला ही चाके लावून त्याने लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये प्रयोग केले. गाडी ओढायला जोर कमी लागला, आवाज जवळजवळ थांबला. पण तसे पातळ रबर महाग आणि दुर्मीळ. शोध पडून राहिला. १८८८ मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलीच्या निमित्ताने तोच शोध नव्याने लावला आणि दोनच वर्षांत, थॉमसनच्या जुन्या पेटंटामुळे, त्यांचे पेटंट बाद ठरले.

आम्हांला अधिक अर्थपूर्ण वाटते ते थॉमसनचे पुढचे पाऊल. १८६७ साली त्याच माणसाने रस्त्यावर चालणाऱ्या वाफेच्या इंजिनासाठी भरीव रबराचे टायर केले. हवेचा पहिला पुरस्कर्ता स्वतःच हवा सोडून भरीवाकडे गेला! कित्येक टनांचे इंजिन हवेच्या नाजूक नळीवर कोण सोपवणार? हीच इंजिने १८७० च्या दशकात आर. ई. बी. क्रॉम्प्टन या लष्करी अधिकाऱ्याने रावळपिंडीकडच्या रस्त्यांवर सरकारी वाहतुकीसाठी चालवली. मऊपणा हवा की निर्धास्तपणा, हा वाद मोटारीच्या जन्माआधीच एका माणसाच्या आयुष्यात दोन्ही बाजूंनी लढला गेला होता.

मोटारीत हवा आणली ती मिशलँ बंधूंनी. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत त्यांची गाडी इतक्या वेळा पंक्चर झाली की ठरलेल्या मुदतीत ती पोचलीच नाही. तरी पुढे हवाच जिंकली, आणि तिच्या मागोमाग तिची जामीनदार म्हणून स्टेपनी आली. मग १९७० च्या दशकात डनलॉप कंपनीचा ‘डेनोव्हो’ आला. १९९७ ची शेव्हरोले कॉर्व्हेट सुट्या चाकाशिवायच विकली गेली. २००० नंतर बीएमडब्ल्यूने आपल्या बहुतेक गाड्यांना रन-फ्लॅट दिले. एम-३ सारख्या वेगासाठीच घडवलेल्या गाडीला मात्र साधेच टायर ठेवले. ही कबुली बोलकी आहे.

कारण जी भिंत हवेशिवाय वजन पेलते, ती हवा असतानाही सहजी वाकत नाही. खड्ड्याचा धक्का टायरमध्ये जिरण्याऐवजी वर चढतो. साधा टायर बसवला की हा ताठरपणा जातो. पुलांवरच्या सांध्यांची ठकठक मवाळ होते. तो बहुधा हलकाही असतो. स्प्रिंगांखालचे वजन घटल्याने उंचसखल रस्त्यावर चाक जमिनीला अधिक धरून राहते. इंधनबचतीचा मात्र गवगवा नको. ती टायरच्या विशिष्ट घडणीवर आणि हवेच्या दाबावर अवलंबून असते. आणि घाटातील वळणावर स्टिअरिंगचा प्रतिसाद किंचित सैल वाटू शकतो, विशेषतः गाडीची सारी बांधणी ताठ टायर गृहीत धरून जुळवली असेल तर.

जुनी मराठी या वस्तूला ‘धाव’ म्हणत असे: बैलगाडीच्या चाकावर तापवून चढवलेली लोखंडी पट्टी. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी पोशाखाची कल्पना आहे. आपल्या शब्दाने धावणे पाहिले. लोखंडी धावेला पंक्चर ठाऊक नव्हते आणि बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत. रन-फ्लॅट काढणारा त्या टोकापासून थोडा आणखी दूर सरकतो, एवढेच. त्याची किंमत त्याला डिकी उघडल्यावर दिसते. अनेक गाड्यांत स्टेपनीसाठी खळगाच ठेवलेला नसतो, म्हणून सामानाच्या जागेतच ती आडवी टाकावी लागते किंवा हवा भरण्याचा छोटा पंप आणि चिकटद्रव्याची बाटली एवढ्यावरच रात्रीचा घाट ओलांडावा लागतो.