तळटीप : छायाचित्राचे काळवंडलेले कोपरे
अतिविस्तृतकोनी भिंगाने घेतलेल्या छायाचित्राचे कोपरे काळवंडतात, ते केवळ भिंगाच्या नळीची कड आड येते म्हणून नव्हे. तसे असते तर छिद्र, म्हणजे प्रकाश आत सोडणारे द्वार, लहान करताच दोष बव्हंशी निवळला असता. मूळ कारण भूमितीचे आहे : तिरप्या किरणांना छिद्र अरुंद ठरते, त्यांचा मार्ग लांबतो आणि ते काचपट्टीवर कलते पडतात, त्यामुळे साध्या रचनेच्या भिंगात उजेड कोनाच्या कोज्येच्या चौथ्या घाताने घटतो व अक्षापासून ६० अंशांवर मध्याच्या अवघा १/१६ उरतो. जर्मनीच्या गोर्झ कंपनीच्या, १९०० च्या सुमाराच्या ‘हायपरगॉन’ भिंगापुढे म्हणूनच रबरी फुग्याच्या हवेने फिरणारी तारकाकृती चकती असे. ती मध्याचा प्रकाश रोखी आणि अखेरच्या काही क्षणांपुरती बाजूला केली जाई. उपाय विक्षिप्त खरा, परंतु आजच्या संगणकीय दुरुस्तीप्रमाणे कोपऱ्यांतील रवाळपणा वाढवणारा नव्हे.