पाटील येतात, महार येतो : इंग्रजीच्या साध्या वर्तमानकाळाविषयी

सुभेदार रामजी सकपाळ यांनी आपल्या धाकट्या मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पाठ करून घेतली, ही गोष्ट बाबासाहेबांच्या चरित्रांतून आपण वाचलेली असते. वडिलांच्या शिस्तीचा एक नमुना म्हणून आपण ती वाचतो आणि पुढे सरकतो. तेथे थोडे थांबले पाहिजे. मराठी वाक्याचे इंग्रजी करायचे, इंग्रजीचे मराठी करायचे, ही त्या पाठमालेची रीत. या रीतीने शिकणाऱ्याची पहिली गाठ पडते ती साध्या वर्तमानकाळाशी. अस्पृश्याच्या मुलाची ही गाठ कोठे पडू शकत होती, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

रामजींना ती लष्करात पडली. मुंबई इलाख्याच्या पलटणीत महारांना जागा होती आणि पलटणीबरोबर शाळा होती. रामजी स्वतः लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. पलटणीबाहेर काय होते? १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला आणि मुंबई सरकारने तो नकार उचलून धरला. शाळा सरकारी, पैसा रयतेचा, आणि बाक मात्र सवर्णांचा! त्याच्या दोनच वर्षे आधी, १८५४ मध्ये, सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह निघाला होता आणि त्यात इंग्रजी शिका असे सांगणारी कविता होती. पुढे १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा आपल्या समाजाची केवळ रोजी गेली नाही. व्याकरण शिकण्याची एक जागाही गेली. भरतीसाठी गोपाळबाबा वलंगकरांनी केलेली खटपट या दृष्टीनेही पाहिली पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यातील मराठी शाळांतून इंग्रजी आठवीपासून सुरू होऊ लागली, आणि महाराष्ट्रात ती पहिलीपासून आली २००० साली. मधल्या काळात ज्यांना परवडले त्यांनी आपली मुले इंग्रजी शाळांत घातली. आपली मुले वाट पाहत राहिली.

आता त्या काळाकडे वळू. इंग्रजीच्या साध्या वर्तमानकाळात क्रियापद जवळजवळ हलत नाही. आय गो, यू गो, वी गो, दे गो. फक्त तृतीय पुरुषी एकवचनात शेवटी ‘एस’ लागतो : ही गोज, शी गोज. मराठी मुलाला खरे तर हे अवघड जाऊ नये. मी जातो, मी जाते, तू जातोस, ते जातात, असे पुरुष, लिंग, वचन यांचे ओझे त्याची जीभ जन्मापासून वाहते. तरी तो नेमका याच एका अक्षराशी अडखळतो. मीही अडखळलो. सहावीत असताना ‘माय फादर वर्क इन द फील्ड’ असे मी वाचले आणि गुरुजी म्हणाले, “तुमच्या जिभेला हे वळण यायचं नाही.” तुमच्या, म्हणजे कोणाच्या, हे वर्गाला कळले. वर्ग हसला. शेत आमचे नव्हते, वडील दुसऱ्याच्या बांधावर राबत होते. ती चूक मात्र कोणी दुरुस्त केली नाही.

फार वर्षांनी मला या ‘एस’ची वंशावळ वाचायला मिळाली. हजार वर्षांपूर्वी तो उत्तर इंग्लंडच्या बोलीत होता. दक्षिणेकडे आणि पुढे लंडनच्या लेखी भाषेत त्या जागी ‘एथ’ हा प्रत्यय असे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘एथ’च आहे, त्याच सुमाराच्या शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही आढळतात. मग ‘एस’ने ‘एथ’ला हटवले आणि अठराव्या शतकात लाउथ (१७६२), मरे (१७९५) यांच्यासारख्या व्याकरणकारांच्या हातून इंग्रजीचे नियम छापून घट्ट झाले. म्हणजे ज्या अक्षरावरून आम्हाला गावंढळ ठरवले गेले, ते अक्षर मुळात राजधानीपासून दूरच्या मुलखातले! आणि आजही इंग्लंडमधील नॉरफोकच्या बोलीत हा ‘एस’ लावत नाहीत, अमेरिकेतील काळ्यांच्या इंग्रजीतही तो पुष्कळदा गळतो. त्यांनाही शाळेत अशुद्ध म्हणतात. शुद्धता कोणाच्या घरी राहते, हे आपल्याला निराळे सांगायला नको.

याचा अर्थ ‘एस’ शिकवू नये असा मी मुळीच काढत नाही. तसे म्हणणाऱ्यांची स्वतःची मुले तो बिनचूक लावतात. शिकवावा, आणि त्यात काय आहे तेही सांगावे. आपल्या गावच्या मराठीत ‘पाटील येतात’ आणि ‘महार येतो’. पाटील एकटाच असतो, पण क्रियापद त्याच्यासाठी अनेकवचनात उभे राहते. आमच्या सत्तर वर्षांच्या आजोबांना मात्र पाटलाचा शेंबडा पोरगाही ‘अरे, तो आला का?’ म्हणे. जात नावात होती, वस्तीत होती, तशी क्रियापदाच्या प्रत्ययातही होती. इंग्रजीत पाटीलही ‘कम्ज’ आणि महारही ‘कम्ज’. इंग्रज समतेचे पुतळे नव्हते. पिकल्या केसांच्या नोकराला ‘बॉय’ म्हणून हाक मारणारे तेच. पण त्यांच्या क्रियापदाने आदराचे माप जात पाहून कमीजास्त केले नाही, एवढे खरे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या काळाचे नाव वर्तमान असले तरी तो ‘आत्ता’ सांगत नाही. आत्ता घडते ते सांगायला इंग्रजीत ‘इज कमिंग’ आहे. साधा वर्तमानकाळ नेहमीचे सांगतो : सूर्य पूर्वेला उगवतो, पाणी शंभर अंशांना उकळते. तो रूढीचा काळ आहे. साहेबांच्या काळच्या जातिवर्णनपर ग्रंथांनी आमच्याबद्दल याच काळात लिहिले. महार गावाबाहेर राहतो, मेलेले ढोर ओढतो. सूर्याच्या उगवण्याला जे क्रियापद, तेच आमच्या ढोर ओढण्याला! जणू दोन्ही निसर्गाचेच नियम.

बाबासाहेबांनी हे क्रियापद उलटे फिरवले. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात त्यांनी जातीची उत्पत्ती शोधली. ज्याला उत्पत्ती आहे ते सनातन नसते. १९४६ चे ‘हू वेअर द शूद्राज?’ आणि अस्पृश्यांवरील १९४८ चा ग्रंथ यांची नावेच पाहा : ते कोण होते आणि अस्पृश्य का झाले? ‘आर’ नव्हे, ‘वेअर’. आणि संविधानाच्या सतराव्या कलमात पुन्हा साधा वर्तमानकाळच येतो : ‘इज अबॉलिश्ड’. येथे तो रूढी सांगत नाही, रूढी रद्द करतो. रद्द झाली असे कलम म्हणते. गावात ती झाली का, हे तपासायला मात्र ‘इज कमिंग’वालाच काळ लागतो.

माझ्या रात्रीच्या वर्गात नकारार्थी वाक्ये चालू होती. नकारात ‘डझ’ येतो, ‘एस’ त्याच्याकडे जातो आणि मूळ क्रियापद मोकळे होते. ‘एस’ दोनदा लागत नाही. मुले येथे हमखास चुकतात. १९५८ च्या कायद्याने महारकीचे वतन गेले, तरी ज्याच्या घरात गावकीच्या आठवणी अजून निघतात असा एक मुलगा फळ्यापाशी आला. त्याने लिहिले : ‘माय फादर डझ नॉट ड्रॅग्ज डेड कॅटल.’ मी ‘ड्रॅग्ज’मधला ‘एस’ पुसला आणि बाकीचे वाक्य सर्वांना वहीत उतरवून घ्यायला सांगितले.