बेचाळीस मीटरांवरचे बिऱ्हाड

यवतमाळच्या पठारावर एखाद्या बिनतारीच्या नादिष्टाला उभे एरियल उभारायचे असले, तर त्याची जागेची चिंता साधी असते. चाळीस मीटरच्या पट्ट्यासाठी तरंगाच्या चौथ्या हिश्शाएवढा, म्हणजे सुमारे दहा मीटरांचा खांब हवा. भोवती घरे, झाडे, विजेच्या तारा नकोत. पायथ्याशी चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा पसरायला मोकळे अंगण हवे. जमीन ओल धरणारी असली तर सोन्याहून पिवळे. या बाबतीत पैनगंगेकाठची काळी माती पठारावरच्या मुरमापेक्षा केव्हाही सरस. शेजाऱ्यापाजाऱ्यांना खांब दिसला तर दिसू दे, परवाना खिशात असतो!

पण याच पट्ट्यात १९४२ साली मुंबईत काही तरुण मंडळी जागा शोधीत होती, आणि त्यांची अडचण नेमकी उलटी होती. आवाज दूरवर जावा, पण एरियल कोणाच्या नजरेस पडू नये.

१९३९ साली महायुद्ध पेटताच सरकारने हौशी प्रक्षेपकांना आपली यंत्रे पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे हुकूम दिले होते. ऑगस्ट १९४२ मध्ये पुढारी गजाआड गेले, वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली. तेव्हा बावीस वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी यांनी गुप्त नभोवाणीचा घाट घातला. यंत्र जुळविले नरिमन प्रिंटर या जुन्या हौशी प्रक्षेपकाने. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटर्सवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. ठिकाण काय, तर ‘हिंदुस्थानात कोठेतरी’!

हे ‘कोठेतरी’ टिकविणे हीच खरी कसोटी होती. शोधपथकाजवळ फिरते वेटोळ्याचे एरियल असे. त्याने एका ठिकाणाहून आवाजाची दिशा घ्यायची, दुसऱ्या ठिकाणाहून पुन्हा घ्यायची. दोन रेषा जेथे छेदतील तेथे यंत्र. म्हणजे एकाच जागी जितके अधिक बोलावे, तितका फास जवळ. म्हणून बिऱ्हाड सारखे हलत राहिले: चौपाटीवरचे सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, सँढर्स्ट रोडवरचे लक्ष्मी भुवन, गिरगावातली पारेख वाडी. ध्वनिमुद्रणाची जागा निराळी आणि प्रक्षेपणाची निराळी ठेवली होती. एक सापडली तरी दुसरी वाचावी, हा हेतू. भाड्याने जागा घेताना घरमालकाला काय सांगत असतील, देव जाणे!

आपल्या विदर्भाशी या बिऱ्हाडाचे खास नाते आहे. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, वर्धा जिल्ह्यात आष्टी आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात चिमूर पेटले. त्यानंतर चिमुरात लष्कराने आयाबहिणींवर जे अत्याचार केले त्यांची हकीगत छापणे वृत्तपत्रांना अशक्य झाले होते. ती याच आवाजाने देशाला ऐकविली. चिमूरचा आक्रोश मुंबईच्या एखाद्या बंद खोलीतून हवेत जाई आणि तेथून जेथे कोठे रेडिओ असेल तेथे पोचे.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी घाला घातला. यंत्रे जुळविणारा प्रिंटर माफीचा साक्षीदार झाला. खाकरांना पाच वर्षांची, उषाबेनना चार वर्षांची आणि झवेरींना एका वर्षाची शिक्षा झाली. उषाबेन येरवड्याहून सुटल्या त्या १९४६ साली.

४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. आपल्या हौशी मंडळींना आज ही जागा मोकळी आहे. यवतमाळच्या एखाद्या अंगणातला दहा मीटरांचा खांब तीच लहर उघड्यावर झेलतो.