बीडीडी चाळींचे पैसे कुणी दिले?

सरकारी गृहनिर्माणाच्या इतिहासावर संशोधन करायचं असेल, तर ‘घरं किती बांधली?’ इथून सुरुवात करू नका. ‘पैसे कुठून आले आणि फेडायचे कुणी?’ हे आधी विचारा. मुंबईच्या बीडीडी चाळी यासाठी उत्तम उदाहरण आहेत.

आधी एक घोळ मिटवू. बीआयटी चाळी वेगळ्या. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने त्या बांधल्या, डॉ. आंबेडकर परळला राहत ती चाळ त्यांपैकीच. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, १९२० मध्ये हे खातं सुरू झालं. उद्दिष्ट होतं ५० हजार खोल्यांचं.

पैशाची रचना अशी: सरकारने जनतेकडून कर्ज उभारलं. ते भाड्यातून फेडायचं ठरलं. पण खर्च भरून निघेल एवढं भाडं गिरणी कामगाराला झेपणारं नव्हतं. म्हणून शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीमागे १ रुपया कर बसवला. म्हणजे घराच्या भाड्यातली तूट कापूस भरून काढणार!

आता हा हिशेब इमारतीत कसा उतरला ते पाहा. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, नळ-संडास सामायिक. तोच नकाशा वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीत पुन्हा पुन्हा वापरला. तरीही वरळीच्या खोल्या कित्येक वर्षं ओस पडल्या. अखेर २०७ चाळी आणि सुमारे १६ हजार खोल्यांवर काम थांबलं. १९३० च्या सविनय कायदेभंगात तर वरळीच्या रिकाम्या चाळी सत्याग्रहींसाठी तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या.

मग योजना फसली म्हणायची का? घाई करू नका. ‘खोल्या रिकाम्या’ हे सरकारी वाक्य आहे. त्याच्या शेजारी कामगाराचा पगार, भाडं आणि गिरणीपर्यंतचं अंतर ठेवा. लेबर ऑफिसचा कामगार कुटुंबांच्या जमाखर्चावरचा १९२३ चा अहवाल आणि कायदेमंडळातल्या चर्चा इथे कामी येतात. पुढे याच खोल्या भरल्या. एकेका खोलीत एकाच गावचे कितीतरी चाकरमानी राहिले. गावकीच्या बैठका तिथेच झाल्या. खात्याच्या जमाखर्चात हे दिसत नाही, त्यासाठी माणसांशीच बोलावं लागतं.

आज १६० चौरस फुटांच्या जागी रहिवाशांना ५०० चौरस फुटांचं घर मोफत मिळतंय. पण मोफत म्हणजे खर्च कुणीच केला नाही, असं नव्हे. त्याच जमिनीवरची इतर घरं बाजारभावाने विकून तो काढायचा आहे. तेव्हा कापसाची गाठ होती, आता जमीन आहे. उंच इमारतीचा देखभाल खर्च कोण भरणार, हेही विचारायला हवं.

तुमच्या गावातली कोणतीही सरकारी वसाहत घ्या आणि हाच प्रश्न विचारून बघा. संशोधनाचा विषय तिथेच सापडेल.