विस्तवाविना शिजलेली डाळ



गेल्या दिवाळीनंतर पुण्याच्या सूनबाईने मला मोबाइलवर एका यंत्राचे चित्र पाठवले. हातभर लांबीची काळी दांडी, पाण्याच्या पातेल्याला अडकवायची. "आई, हे लावून कामावर गेलं की परत येईपर्यंत जेवण तयार असतं म्हणे." खाली किंमत होती. ती वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

तिची अडचण मला ठाऊक होती. ती सूर्यास्तानंतर जेवत नाही. लग्नाआधीपासूनचा तिचा नियम आहे, आमच्या घराने लादलेला नाही. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि ती कामावरून घरी पोचते सव्वापाचला. त्यात डाळ, भाजी, भात, पोळ्या. आठवड्यातून दोनदा तरी ती अर्धवट खाऊन उठायची, एखाद्या दिवशी तेही नाही. मी फोनवर "थोडं लवकर निघत जा" असे सांगायचे. ती गप्प बसायची. लवकर निघणे तिच्या हातात असते तर ती निघाली नसती का, हे मला फार उशिरा सुचले.

म्हणून या वेळी उपदेश न करता मी त्या यंत्राचा इतिहास वाचायला बसले. पैसे घालायचे तर कशात घालतो आहोत ते कळायला हवे.

या पद्धतीचे नाव सू-वीद. फ्रेंच शब्द आहे, अर्थ 'निर्वातात'. पदार्थ पिशवीत घालून हवा काढायची, तोंड घट्ट बंद करायचे आणि पिशवी गरम पाण्यात तासन्‌तास ठेवायची. पाणी उकळू द्यायचे नाही. यंत्राचे काम एवढेच की पाणी ज्या अंशावर ठेवले, त्याच अंशावर ते राखायचे.

१९७४ साली फ्रान्समध्ये रोआन या गावी त्र्वाग्रो बंधूंच्या नामांकित रेस्टॉरंटसाठी जॉर्ज प्रालुस नावाच्या आचाऱ्याने ही पद्धत वापरली. हेतू होता बदक-हंसांच्या यकृताचा पदार्थ शिजवताना वितळून वाया जाणारी चरबी वाचवण्याचा. वाचताना माझा घास अडकला, पण इतिहास सांगायचा तर हे झाकून ठेवता येत नाही. त्याच काळात ब्रूनो गुसो हा शास्त्रज्ञ कोणता पदार्थ किती अंशांवर किती वेळ ठेवायचा याचा अभ्यास करत होता. पुढे मोठमोठ्या हॉटेलांनी रसायनशाळेतली पाणी तापवायची यंत्रे स्वयंपाकघरात आणली. घरगुती यंत्रे बाजारात यायला २००९ उजाडले.

यात 'निर्वात' हा भाग नवा. मंद उष्णतेवर तासन्‌तास शिजवणे त्याहून पावणेदोनशे वर्षांनी तरी जुने आहे, तेही केवळ लिहून ठेवलेले. न लिहिलेले किती जुने असेल, ते आपल्या चुलींना विचारावे. चुलीच्या शेजारचा वैल आठवतो ना? मुख्य जाळ तव्याखाली आणि वैलावर डाळ, दूध, सार. कोणी ढवळत नसे, कोणी बघत नसे.

लिहून ठेवणारा माणूस होता बेंजामिन थॉम्पसन, म्हणजेच काउंट रमफर्ड. जन्म अमेरिकेतला, १७५३ चा. पुढे बव्हेरियाच्या राजदरबारी नोकरीला लागला आणि म्युनिकमध्ये गरिबांसाठी काम आणि जेवण देणारे घर चालवू लागला. तिथल्या रांगेसाठी तो जव आणि वाटाणे फार वेळ शिजवून दाट सूप करवून घेई. सरपण कमीत कमी लागावे हा त्याचा ध्यास. उघड्या चुलीवर बहुतेक उष्णता वाया जाते, हे तो मोजून दाखवत असे. १७९९ मध्ये छापलेल्या निबंधात त्याने एक गंमत सांगितली आहे. बटाटे वाळवायच्या यंत्रात मांस भाजता येईल का, हे बघायला त्याने मांसाचा तुकडा आत ठेवला. तीन तासांनी पाहिले तर कच्चा. कंटाळून त्याने तो स्वयंपाकघरातल्या बायकांच्या हवाली केला. त्यांनी विचार केला, आता रात्रभर राहू दे तिथेच. सकाळी उघडले तर उत्तम शिजलेले! शोधाचे श्रेय काउंटला मिळाले. "राहू दे तिथेच" म्हणणाऱ्या बायकांची नावे त्याने लिहिलेली नाहीत.

लोकर आणि पिसे ऊब का धरतात, याचाही रमफर्डने अभ्यास केला होता. त्यांच्यात अडकलेली हवा हलत नाही, म्हणून उष्णता बाहेर जाऊ शकत नाही, हे त्याने ओळखले. आपल्या गोधडीचे शास्त्रही हेच.

१८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात नॉर्वेहून एक पेटी आली होती. आतून जाड अस्तर, मध्ये भांड्यापुरता खळगा. पदार्थाला उकळी आणायची, भांडे आत ठेवायचे, झाकण लावायचे. बाकीचे शिजणे आपोआप. गरिबाघरी अस्तराच्या जागी वाळके गवत भरत, म्हणून इंग्रजीत तिला गवताचीच पेटी म्हणू लागले. अमेरिकेत १९०९ मध्ये मार्गारेट मिचेल या बाईंनी अशा पेटीतल्या स्वयंपाकाचे अख्खे पुस्तक लिहिले. 'गॉन विथ द विंड' लिहिणारी मिचेल वेगळी बरे का. आणि मग युद्धे आली. दोन्ही महायुद्धांत इंधन तुटले, बायका कारखान्यांत कामाला लागल्या आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे अन्न खाते गृहिणींना गवताची पेटी कशी करायची ते शिकवू लागले. युद्ध संपले, गॅस आला, पेट्या माळ्यावर गेल्या.

आपल्याकडची गोष्ट मला सगळ्यांत आवडली. १९१० साली बंगालमधल्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी एक कुकर तयार केला. हे गृहस्थ वैद्यकही शिकलेले आणि कायदाही. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात मातीची भांडी एकावर एक रचून शिजवतात, त्यावरून त्यांना कल्पना सुचली असे सांगतात. एक उंच नळकांडे, आत डब्यांची उतरंड, तळाशी कोळशाची छोटी शेगडी, मध्ये पाणी. तांदूळ, डाळ, भाजी वेगवेगळ्या डब्यांत भरायची, कोळसा पेटवायचा आणि आपल्या कामाला जायचे. कोळसा संपेल तशी आच आपोआप उतरत जाई, त्यामुळे करपायची भीती नव्हती. आल्यावर जेवण गरम. नाव ठेवले इकमिक. हायजिनिक आणि इकॉनॉमिक या दोन शब्दांची शेपटे जोडून ते झाले.

इकमिक कुकर महाराष्ट्रातही भरपूर वापरला गेला. माझ्या माहेरी आजोबांच्या धाकट्या भावाचा होता. ते शिकायला सांगलीला खोली घेऊन राहत आणि बाहेरचे खायचे नाही म्हणून घरच्यांनी तो त्यांना घेऊन दिला होता. लग्न झाल्यावर कुकर माळ्यावर गेला. आता रांधणारी आली ना घरात! पेटी युरोपात बायकांच्या हाती गेली, कारण त्यांना बाहेर कामाला जायचे होते. आपल्याकडे इकमिक खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आणि कारकुनांच्या हाती गेला, कारण त्यांच्या घरात बाई नव्हती. घरातल्या बाईचा वेळ वाचवायची गरज तेव्हा कोणाला वाटली असेल असे दिसत नाही. पुढे १९५९ च्या सुमारास प्रेशर कुकर आले. त्यांनी वेळ खरोखर वाचवला, पण शिट्ट्या मोजायला कोणीतरी घरात लागतेच.

अलीकडे चक्र पुन्हा फिरले. २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वीज सारखी जाऊ लागली, तेव्हा सारा कॉलिन्स यांना आजी भांड्याभोवती उशा रचून ठेवायची ते आठवले आणि त्यांनी तशी जाड पिशवी शिवून विकायला काढली. २०१० मध्ये अमेरिकेतले पाककला-लेखक केंजी लोपेझ-आल्ट यांनी दाखवून दिले की हजार डॉलरच्या यंत्राचे बरेचसे काम सहलीला बाटल्या थंड ठेवायच्या साध्या प्लास्टिकच्या खोक्यातही होते. त्यात ते बिअर ठेवतात, आपण ताक ठेवू. जे खोके उष्णता आत येऊ देत नाही, ते बाहेरही जाऊ देत नाही.

आता आपल्या कामाचे. त्या यंत्राची नेमकी गरज कोणाला? मांसातली प्रथिने पन्नास ते पासष्ट अंशांच्या दरम्यान बदलतात आणि दोन-चार अंशांनी पदार्थ बिघडतो. म्हणून त्यांना अंश-अंश मोजणारे यंत्र लागते. भाज्यांचे तसे नाही. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन सुमारे पंच्याऐंशी अंशांच्या खाली सुटतच नाही. दुधी साठ अंशांच्या पाण्यात दिवसभर ठेवला तरी कचकचीतच राहील. डाळी-कडधान्यांनाही उकळीच्या जवळची उष्णता हवी. म्हणजे आपल्याला हवे आहे ते उकळीला आणून, नंतर तिथून हळूहळू उतरू देणे. ते काम गोधडी करते. (सू-वीदच्या पुस्तकांतला भाज्यांचा लाडका पदार्थ म्हणजे गाजर. तेही आपल्याला नकोच.)

मी जानेवारीत महिनाभर प्रयोग केले. गव्हाचा रिकामा पत्र्याचा डबा, तळाला आणि भोवती जुन्या लुगड्यांची गोधडी, मध्ये घट्ट झाकणाचे जाड बुडाचे पातेले, वर उशी. दुधाचा तापमापक होताच घरात. अडीच लिटर तूरडाळ-पाणी, डाळ तासभर भिजवलेली, पंधरा मिनिटे खळखळ उकळून आत ठेवली. चार तासांनी ऐंशी अंश होते आणि डाळ बोटाने दाबली तर पीठ. दुसऱ्या दिवशी हौसेने दोघांपुरतीच, अर्ध्या लिटरची ठेवली. चार तासांनी पंचावन्न अंश, डाळ टचटचीत, वर किंचित आंबूस वास. टाकून द्यावी लागली आणि फार वाईट वाटले. तेव्हा हे लक्षात ठेवा: भांडे निदान पाऊण भरलेले हवे, उघडून डोकवायचे नाही आणि काढताना अन्न साठ अंशांच्या खाली गेलेले असेल तर खायचे नाही. त्या कोमट पट्ट्यातच जंतू वाढतात. राजमा मात्र आधी दहा मिनिटे तरी जोरात उकळलाच पाहिजे. त्यात एक विषारी घटक असतो, तो नुसत्या ऐंशी अंशांवर जात नाही, उलट त्रास वाढतो.

आपल्याकडे शिजलेल्या डाळ-भाताची मर्यादा दोन प्रहर, म्हणजे सहा तास. मोठ्या भांड्यात माझ्या तापमापकाचे उत्तरही जवळपास तेवढ्यावरच येऊन थांबले. यातून काही सिद्ध होते असे मी म्हणणार नाही, पण आकडा वहीत लिहिताना हात क्षणभर थांबला खरा. आणि गॅस पाऊण तासाऐवजी पंधरा मिनिटे पेटला. अग्निकायिक जीवांचा विचार आपण सामायिकेला बसून करतो, ओट्यापाशी तो फारसा आठवत नाही. मला तरी आठवत नव्हता.

सूनबाई सव्वाअकराला घरून निघते आणि सव्वापाचला येते. बरोबर सहा तास. मी तिला डबा, गोधडी आणि तापमापक असे सगळे एसटीने पाठवून दिले. डाळ दोघांना जास्त होते म्हणून ती डाळीच्या पातेल्यातच भाताचा बंद डबा ठेवते. ही युक्ती तिची, मला सुचली नव्हती. घरी आल्यावर फक्त फोडणी आणि पोळ्या. यंत्राचा विषय तिने पुन्हा काढलेला नाही.

परवा पावणेसहाला तिचा फोन आला. मागे भांडी घासल्याचा आवाज येत होता. अख्खा मसूर किती वेळ उकळून ठेवायचा, ते विचारत होती. भिजवलेला असेल तर दहा मिनिटे, असे सांगितले.