कुरितिबा ते पुणे : एका बसमार्गाचा प्रवास

एका शहराने शोधलेला उपाय दुसऱ्या शहरात पोहोचतो, तेव्हा त्याबरोबर काय येते आणि काय मागे राहते? ‘बस रॅपिड ट्रान्झिट’ अर्थात बीआरटीचा इतिहास या प्रश्नाचे बोलके उत्तर देतो.

या व्यवस्थेचे उगमस्थान म्हणजे ब्राझीलमधील कुरितिबा. भुयारी रेल्वेचा खर्च पेलणारा नसल्याने या शहराने १९७४ मध्ये रस्त्याच्या मध्यभागी बससाठी स्वतंत्र मार्गिका राखल्या. वास्तुविशारद असलेले महापौर जायमे लर्नर या प्रयोगाचे प्रमुख शिल्पकार होते. उंच इमारतींना याच मार्गांलगत परवानगी देण्यात आली. १९९१ मध्ये नळीच्या आकाराचे बंदिस्त थांबे आले. तिकीट थांब्यावरच घ्यायचे आणि बसच्या उंचीच्या फलाटावरून थेट आत शिरायचे, अशी रचना असल्याने प्रत्येक थांब्यावरील वेळ वाचू लागला.

कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे महापौर एन्रिके पेन्यालोसा यांच्या कारकिर्दीत डिसेंबर २००० मध्ये ‘ट्रान्समिलेनियो’ सुरू झाली. जलद बसला पुढे जाण्यासाठी थांब्यांवर जादा मार्गिका ठेवण्यात आली; बस खासगी कंपन्यांच्या, तर नियंत्रण सार्वजनिक संस्थेचे राहिले. बोगोटाचा कित्ता जकार्ताने २००४ मध्ये गिरवला.

भारतात २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या प्रवासाला प्राधान्य दिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुण्यात कात्रज-स्वारगेट मार्गावर देशातील पहिली बीआरटी धावली. मात्र मार्गिका आल्या तरी थांब्यावरील तिकीट व समपातळीचे फलाट आले नाहीत. मार्गिका सलग नव्हत्या आणि त्यांत इतर वाहनेही घुसत. दिल्लीत २००८ मध्ये सुरू झालेला मार्ग २०१६ मध्ये उखडण्यात आला.

अहमदाबादने पुण्याच्या अनुभवातून धडा घेतला. ‘जनमार्ग’साठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली, नागरिकांसाठी चाचणी फेऱ्या झाल्या आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंदिस्त थांब्यांसह सेवा सुरू झाली. पुढे २०१५ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवडच्या नव्या मार्गांवरही बसच्या उंचीचे बंदिस्त थांबे उभे राहिले.

रस्त्यावर आखलेली मार्गिका पाहुण्यांच्या नजरेत भरते. ती चालवणारी यंत्रणा, तिकिटाची पद्धत आणि वाहतुकीची शिस्त छायाचित्रात दिसत नाहीत. उपायाचे यश मात्र त्यांवरच अवलंबून असते.