मागच्या दाराने आलेले दोन विषय

मी इंग्लंडात लेस्टरमधल्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या पातळीवर, इंग्रजी शिकवते. सप्टेंबर लागला की शेवटच्या वर्षाच्या मुलांचे विद्यापीठाचे अर्ज माझ्याकडे तपासायला येऊ लागतात, आणि जानेवारीपर्यंत दुसरं काही सुचत नाही. इथे सगळ्यांचा अर्ज एकच, ‘यूकॅस’मार्फत जाणारा. पसंतीची विद्यापीठं जास्तीत जास्त ५. दरवर्षी दोघा-तिघांच्या अर्जावर ‘इंग्रजी आणि सर्जनशील लेखन’ असतं, आणि मग एखाद्या पालकांचा फोन हमखास येतो. मागे एकदा आपल्याकडचेच, कोल्हापूरचे गृहस्थ होते. “ताई, इंग्रजीचं समजू शकतो मी. पण गोष्टी लिहायला शिकायच्या म्हणून वर्षाला साडेनऊ हजार पौंड?”

प्रश्न अजिबात गैर नाही. इंग्लंडातल्या नामांकित प्राध्यापकांनी तो फार पूर्वी विचारून ठेवलाय. फरक इतकाच की त्यांनी तो इंग्रजीबद्दलच विचारला होता.

ऑक्सफर्ड-केंब्रिजात शतकानुशतकं शिक्षण म्हणजे लॅटिन, ग्रीक, गणित आणि धर्मशास्त्र. शेक्सपिअर, मिल्टन सुशिक्षित माणसाने जेवणानंतर आपले आपण वाचावेत. त्याची कसली आलीय परीक्षा? इंग्लंडात इंग्रजी भाषा-साहित्याचं पहिलं प्राध्यापकपद निघालं ते १८२८ साली, आणि तेही नव्याने उघडलेल्या लंडनच्या कॉलेजात. त्यावर नेमणूक झाली थॉमस डेल या पाद्र्याची. कारागिरांच्या संस्था, बायकांसाठी चालणारे वर्ग, अशा ठिकाणी इंग्रजी साहित्य शिकवलं जाई. म्हणजे ज्यांना लॅटिन परवडत नव्हतं किंवा शिकू दिलं जात नव्हतं, त्यांच्यासाठी.

आणि हिंदुस्थानात. मुंबई विद्यापीठ १८५७चं. न्यायमूर्ती रानडे तिथल्या पहिल्या तुकडीतले, १८६२चे बी.ए. ते इंग्रजीचे पेपर देत होते तेव्हा ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीची पदवीच नव्हती. ती यायला आणखी ३२ वर्षं जायची होती. साम्राज्याला कारकून आणि मुन्सफ हवे होते, शिवाय बायबल हाती न देता साहित्यातून ‘सुसंस्कार’ करायचे होते. गौरी विश्वनाथन यांनी १९८९च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं, की इंग्रजी साहित्य हा अभ्यासविषय आधी वसाहतीत रुजला आणि मायदेशात नंतर. १८५५पासून हिंदुस्थानच्या मुलकी सेवेची स्पर्धापरीक्षा सुरू झाली, तिच्यातही इंग्रजीला भरघोस गुण होते. तेव्हा कुठे इंग्लंडातल्या शाळांना या विषयाकडे लक्ष द्यावंसं वाटू लागलं.

तरी ऑक्सफर्डने सहजासहजी दार उघडलं नाही. इंग्रजीची पदवी असावी का, या १८८७च्या वादात इतिहासाचे प्राध्यापक एडवर्ड फ्रीमन यांनी टोला हाणला, की हा अभ्यास म्हणजे शेलीबद्दलच्या गप्पा. अभिरुचीची परीक्षा घेता येत नाही. १८९४मध्ये विषय आला खरा, पण तडजोड करून. सोबत अँग्लो-सॅक्सन आणि भाषाशास्त्र असं घट्ट बांधून दिलं की कुणी त्याला सोपा म्हणायची सोय राहू नये. केंब्रिजची इंग्रजीची परीक्षा त्याहून उशिरा, १९१७ साली मंजूर झाली.

लेखनाची कथा हीच, फक्त अमेरिकेतली. हार्वर्डमध्ये जॉर्ज पियर्स बेकर नाट्यलेखनाचा वर्ग घेत. १९१४च्या जुलैत त्यांना एका पंचविशीतल्या तरुणाचं पत्र आलं. शिक्षण अर्धवट सोडलेलं, खलाशी म्हणून भटकलेला, क्षयाच्या आरोग्यधामातून बाहेर पडलेला. त्याचं म्हणणं असं, की अधलंमधलं काही नको. व्हायचं तर कलावंत, नाहीतर काहीच नाही. बेकरनी त्याला घेतलं. तो यूजीन ओनील. पुढे १९३६चं नोबेल त्याला मिळालं. मुलांना मी हे पत्र नेहमी सांगते. आजच्या अर्जात त्याच्या शिक्षणाच्या रकान्यातच त्याची विकेट पडली असती.

आयोवा विद्यापीठात १८९७मध्येच पद्यरचनेचा वर्ग झाला होता. पण खरी उडी १९२२ची. पदव्युत्तर विभागाचे प्रमुख कार्ल सीशोर यांनी जाहीर केलं, की प्रबंधाऐवजी कविता, नाटक, चित्र किंवा संगीतरचनाही पदवीसाठी चालेल. सीशोर स्वतः मानसशास्त्रज्ञ. पॉल एंगल यांनी तिथे कवितासंग्रहच प्रबंध म्हणून सादर केला आणि १९३२मध्ये तो छापूनही आला. १९३६ साली तिथली ‘रायटर्स वर्कशॉप’ उभी राहिली आणि काही वर्षांनी तिची सूत्रं एंगलकडेच आली. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी खर्चाने शिकायला आलेले सैनिक इतके वाढले, की नदीकाठच्या पत्र्याच्या लष्करी बराकींत वर्ग भरू लागले.

त्याच सुमारास जॉर्जियातली एक मुलगी एंगलच्या खोलीत आली. तिचा प्रवेश पत्रकारितेला झालेला. ती काय बोलतेय ते तिच्या दक्षिणी उच्चारांमुळे एंगलना कळेना. त्यांनी वही पुढे केली. तिने लिहिलं, की मी पत्रकार नाही, मला तुमच्या वर्गात घ्याल का? एंगल म्हणाले, लिहिलेलं काही दाखव. तिने कथा आणून दिल्या आणि प्रवेश पक्का झाला. ही फ्लॅनरी ओकॉनर. एंगल आणि ह्वालिंग निये यांनी १९६७मध्ये तिथेच जगभरच्या लेखकांसाठी निवासी उपक्रम सुरू केला आणि १९७५मध्ये आपले दिलीप चित्रे त्यात दाखल झाले. ते मात्र शिकाऊ म्हणून नव्हे, तर प्रस्थापित कवी म्हणून.

इंग्लंडात हे वारं १९७०मध्ये पोचलं. नॉरिचच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन या कादंबरीकार प्राध्यापकांनी एम.ए.च्या अभ्यासात कथालेखनाला जागा करून दिली. इयन मॅक्युअन पहिल्या वर्षाचा. १९७९मध्ये काझुओ इशिगुरो तिथे आला. त्या वर्षीच्या वर्गात जेमतेम सहा जण होते. पदवीच्या पातळीवर हा विषय फोफावला तो पुढे, आणि त्यात मोठा वाटा जुन्या पॉलिटेक्निकांचा, ज्यांना १९९२मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये आजही त्याची स्वतंत्र पहिली पदवी नाही. शाळांच्या ए-लेव्हलला, म्हणजे बारावीच्या पातळीच्या परीक्षेला, सर्जनशील लेखन २०१३मध्ये आलं आणि काही वर्षांतच बंद झालं.

अर्जाची पद्धतही अशीच घडत गेली. आधी प्रत्येक विद्यापीठाचा फॉर्म वेगळा. एकेक मुलगा चार ठिकाणी जागा अडवून बसे आणि नक्की कोण येणार याचा कुणालाच पत्ता नसे. म्हणून १९६१मध्ये विद्यापीठांनी एक सामायिक मंडळ काढलं. पॉलिटेक्निकांचं मंडळ वेगळं होतं. दोन्ही एकत्र होऊन यूकॅस झालं. मुलांना स्वतःबद्दल लिहायला ४००० अक्षरं मिळत, मोकळ्या जागा धरून. २०२६च्या प्रवेशापासून अक्षरं तेवढीच, पण ती तीन प्रश्नांत वाटलेली. हाच विषय का, आजवरचा अभ्यास त्यासाठी कसा उपयोगी पडला, आणि वर्गाबाहेर काय केलं.

निम्मी मुलं सुरुवात करतात ती ‘लहानपणापासून मला गोष्टींचं वेड’ अशी. मी ती ओळ खोडते. हे दोन्ही विषय मागच्या दाराने आले, आणि आत टिकले ते काहीतरी अवघड गळ्यात बांधून घेतल्यावर. इंग्रजीने अँग्लो-सॅक्सन घेतलं, लेखनाने इंग्रजीचा हात धरला. त्यामुळे ‘मला व्यक्त व्हायचंय’ या भांडवलावर इथे कुणी घेत नाही. मी मुलांना सांगते, तू वाचलेली एक कथा घे, तिचा शेवट तसाच का केलाय ते लिही, आणि त्यातून तुझ्या स्वतःच्या कथेत काय बदललंस ते लिही. काही विद्यापीठं लेखनाचे नमुने मागतात, तीही हेच शोधत असतात.

कोल्हापूरच्या त्या गृहस्थांना मी हेच सांगितलं, की फी लिहायला शिकवण्याची नाही. तीन वर्षं कसून वाचून घेतात आणि लिहिलेल्या प्रत्येक पानाचा जाब विचारतात, त्याची आहे. त्यांचं समाधान झालं असं म्हणणार नाही. फ्रीमनसाहेबांचंही झालं नव्हतं.